भट्टीवाल्या सरांची जागा

शमुवेल वैरागर यांना नुसतं शमुवेल म्हणणारं माणूस आता चर्चच्या मंडळीत उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे भट्टीवाले सर. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं, कारण छत्तीस वर्षं त्यांनी ओझरच्या विमान कारखान्यात भट्टीवरच काढली होती. सुटे भाग लालभडक तापवायचे आणि वेळ न दवडता तेलात बुडवून कडक करायचे, हे त्यांच्या खात्याचं काम. आठवड्याचे सहा दिवस भट्टी, आणि रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची शब्बाथ शाळा. खरं सांगायचं तर तिथेही भट्टीच असे.

दरवर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की सर नरकाचा धडा घेत. स्टीलची वाटी टेबलावर उपडी ठेवायची, तिच्या बुडावर मेणबत्ती चिकटवायची आणि एकेका मुलाला पुढे बोलवायचं. मुलाने उजव्या हाताचं पहिलं बोट ज्योतीवर धरून मोठ्याने आकडे मोजायचे. बहुतेक मुलं तीनला नाहीतर चारला बोट काढून तोंडात घालत. मग सर शांतपणे म्हणत, "चार झाले. आता वर्षं मोज. हजार वर्षं झाली की परत एकपासून सुरू कर. आमच्या कारखान्यातली भट्टी साडेआठशे अंशांची असते, पण संध्याकाळी बटण दाबलं की बंद होते. त्या भट्टीला बटण नाही."

आईबाप खूश असत. सरांच्या वर्गात वर्षभर बसलेलं पोर सुतासारखं सरळ होतं, असं म्हणायची पद्धत होती. दिनेश नावाच्या एका हट्टी मुलाने सातपर्यंत मोजलं आणि बोटाला टरटरून फोड आला, तेव्हा त्याच्या आईने घरी हळद लावली आणि दुसऱ्या रविवारी सरांचे आभार मानले. सर दुष्ट होते असं कुणी समजू नये. पोरं घाबरली तर त्यांना वाईटही वाटायचं. पण भट्टीपाशी लाल अक्षरांत धोक्याची पाटी लावणारा माणूस काही कामगारांचा वैरी नसतो, असं ते मार्थाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला सांगत. मार्थाबाई म्हणत, "पाटी वेगळी आणि चटका वेगळा." बायकोचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची पद्धत त्या घरातही होतीच.

मार्थाबाई जाऊन सहा वर्षं झाली. मंडळीच्या दफनभूमीत, मागच्या भिंतीजवळच्या कडुनिंबाखाली त्यांची कबर आहे आणि तिला लागून सरांची जागा राखलेली आहे. जमीन संपत आल्यामुळे नव्या जागा देणं मंडळीने तेव्हाच बंद केलं. सरांची जागा शेवटच्या राखीव जागांपैकी एक. दर शनिवारी सर तिथे जात, बायकोच्या कबरीवरचा पाला झाडत आणि जाताजाता स्वतःच्या जागेवरचं गवतही उपटत. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपण कुठे जाणार हे पक्कं ठाऊक असणं ही मोठी सोय असते, आणि सरांना ते वर आणि खाली दोन्हीकडचं ठाऊक होतं.

मार्चमधल्या एका दुपारी त्यांच्या दाराशी चाळिशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर गॅरेजचे डाग पडलेला शर्ट, डोळे तांबारलेले. तो आत यायलाच तयार होईना.

"सर, मी गोरक्ष. द्वारका चौकात माझं टेम्पोच्या स्पेअर पार्टचं दुकान हाय. मी हन्नाचा नवरा."

सरांना ओळख लागायला क्षणभर वेळ लागला आणि लागल्यावर त्यांचा चेहरा आपोआप ताठ झाला. हन्ना म्हणजे दावीद मास्तरांची धाकटी. पंधरा वर्षांपूर्वी तिने चांदवडच्या या कांदे पिकवणाऱ्या घरात लग्न केलं, तेही मांडवात, अंतरपाट धरून, मंगळाष्टकांसकट. दावीद मास्तर त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. मंडळीच्या यादीतून हन्नाचं नाव कमी झालं. कमी कुणी केलं, तर तेव्हाचे सेक्रेटरी शमुवेल वैरागर यांनी, पट्टी लावून, सरळ रेघ मारून.

"तिला पोटाचा कॅन्सर हाय," गोरक्ष म्हणाला. "डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दुखण्याला गोळ्या हायेत, त्याचं एवढं नाय. पण ती घाबरती, सर. लय घाबरती. गॅस पेटवलेला दिसला की ओरडती. आम्ही आता करंटच्या शेगडीवर स्वयंपाक करतो. आईनं देवापुढला दिवा बी माळ्यावर ठिवला. तिला इचारलं, कोणाला बोलवू, तुमच्या फादरला बोलवू का? तर म्हणली, सरांना बोलव."

सर आत गेले, सदरा घातला, पवित्र शास्त्र पिशवीत ठेवलं आणि त्याच्या गाडीवर मागे बसले. मरणाऱ्या माणसाला पश्चात्तापाकडे आणायचं काम त्यांनी अनेकदा केलं होतं. काय बोलायचं ते पाठ होतं, आणि वाटेत ते मनातल्या मनात त्याची उजळणी करत राहिले.

द्वारका चौकाच्या मागे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. दारात गोरक्षची आई लंकाबाई बसल्या होत्या, सुनेच्या आजारपणासाठी गाव सोडून आलेल्या. या बाईंना हन्ना हे नाव कधी जिभेवर धरता आलं नाही, म्हणून त्यांनी लग्नातच सुनेचं नाव हेमा ठेवलं होतं आणि त्याच नावाने तिला पंधरा वर्षं जीव लावला होता. आतल्या खोलीत पलंगावर हन्ना. आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली हन्ना सरांना अंधूक आठवत होती. पलंगावरच्या बाईत त्यातलं काही सापडेना. हाडांवर कातडं आणि पुढे आलेले डोळे, एवढीच उरली होती. उशाशी तिची अकरा वर्षांची मुलगी वैष्णवी ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत होती.

"सलाम, सर," हन्ना म्हणाली. मुलीला तिने बाहेर पाठवलं आणि दार लोटेपर्यंत थांबली. "सर, मी चारपर्यंत मोजलं होतं."

"काय?"

"मेणबत्तीवर. माझा नंबर दिनेशनंतर होता. त्याने सात मोजले म्हणून तुम्ही त्याला शाबासकी दिलीत. मी चारला बोट काढलं. तुम्ही म्हणालात, हन्ना, चारला रडतेस, तिथे काय करशील?"

सर तसं म्हणालेच असतील. ते सगळ्यांना तसंच म्हणत. या एका मुलीचं बोट मात्र त्यांना आठवत नव्हतं. दोनशे तरी बोटं त्या ज्योतीवरून गेली होती, कुठलं कुणाचं, कसं आठवावं? पण ती बत्तीस वर्षं विसरली नव्हती.

पाठ होतं ते त्यांनी बोलायला घेतलं. देव दयाळू आहे, पाप कबूल केलं की तो क्षमा करतो, शेवटच्या श्वासालाही वेळ गेलेली नसते.

"कशाचा पश्चात्ताप करू, सर?" हन्ना मध्येच म्हणाली. "बाबांना दुखावलं, त्याची माफी मी रोज मागते. खोटं बोलले, रागवले, तेही सांगून झालं. पण लग्नाचं तोंडातून येत नाही. लग्न पाप होतं म्हणायचं, म्हणजे गोरक्ष पाप, वैष्णवी पाप. तिच्या देखत मी हे कसं म्हणू? आणि ते म्हटल्याशिवाय सुटका नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

सर पलंगाजवळच्या स्टुलावर टेकले. मग त्यांना विश्वासाच्या अंगीकारातली एक ओळ आठवली. साठ वर्षं दर रविवारी उभं राहून ती त्यांनी म्हटली होती आणि मुलांना शिकवताना मात्र तिच्यावरून घाईघाईने पुढे गेले होते. ख्रिस्त मेल्यावर थेट वर गेला नाही. तो आधी खाली उतरला, मेलेल्यांच्या अंधाऱ्या जागेत. का उतरला, हे सरांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि मुलांनाही विचारू दिलं नव्हतं.

"हन्ना," ते म्हणाले, "तो तिथेही जाऊन आलाय. त्याने पाय ठेवला नाही अशी जागाच नाही. तिथे तू गेलीस तरी तो तुझ्याआधी पोचलेला असेल."

हन्नाने त्यांच्याकडे मान वळवली. तिला हसू आलं की काय, असं त्यांना वाटलं.

"हे तुम्ही मी मरतेय म्हणून म्हणताय. वर्गात नव्हतं सांगितलं. सर, लहानपणी जे बसतं ते पक्कं बसतं. आता वरून कितीही चांगलं ओतलं तरी आत जात नाही."

कारखान्यात नव्या पोरांना सर सांगत की तापवणं कुणालाही येतं, खरं कसब बुडवण्यात आहे. एवढ्याएवढ्या वेळात तेलात गेलं नाही तर तापलेला तुकडा वाया जातो, मग तो परत कामाचा होत नाही. दोनशे पोरं त्यांनी तापवली होती. बुडवायचं राहून गेलं, हे त्यांना त्या स्टुलावर कळलं आणि स्वतःची चीड आली.

"एक मागू?" हन्ना म्हणाली. "तिथलं काय व्हायचं ते होईल, ते मी बघीन. पण इथली आग तरी चुकवा. हे लोक मला अमरधामला नेतील. यांच्यात तसंच असतं, त्यांचं काही चुकत नाही. पण मला जाळू नका, सर. मला बाबांच्या इथे, आपल्या मातीत ठेवा. मी रोज तेच बघते, की मी वर पडलेय, सगळं कळतंय, आणि खालून पेटवलंय."

गोरक्ष दाराबाहेरून ऐकत होता. तो आत आला आणि म्हणाला, "माझी ना नाय. पण आईला आन् भावकीला कोण सांगणार?"

लंकाबाई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्या सुनेकडे बघत म्हणाल्या, "मला काय सांगायचं? आमच्यात बी तान्हं लेकरू गेलं तर मातीतच ठिवत्यात. माझं एक ठिवलंय मी, मळ्यात, लिंबाखाली. माती काय वंगाळ नसती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. भावकीचं मी बघते. हेमाला पाहिजे तसं करा."

इतक्या सहजी सुटलेली गाठ पाहून सरांना हायसं वाटायला हवं होतं. पण खरी गाठ तिकडे चांदवडला नव्हतीच. ती मंडळीच्या कचेरीत, लोखंडी कपाटात, त्यांच्या स्वतःच्या सुबक अक्षरात बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळकांना भेटले. पाळक तरुण, नुकताच धर्मशिक्षण संपवून आलेला, मनाने मऊ माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सर, दहन झालं म्हणून काही बिघडत नाही," तो म्हणाला. "देवाला राखेतूनही उठवता येतं. आणि नरकाचं म्हणाल तर आम्हाला शिकवताना सांगितलं की ते आगीपेक्षा दूर राहणं आहे, देवापासून तुटणं. आग ही सांगायची भाषा झाली."

"हे तुम्ही तिला सांगाल?"

"सांगेन की."

"ती ऐकणार नाही," सर म्हणाले. "तिला मी शिकवलंय."

 पाळक दफनविधी करायला तयार होता, पण जागा देणं त्याच्या हातात नव्हतं, ते कमिटीच्या हातात होतं. कमिटीचा सेक्रेटरी होता दिनेश, सातपर्यंत मोजणारा, आता बेचाळीस वर्षांचा आणि टक्कल पडू लागलेला. त्याने कपाट उघडून जुनं ठरावांचं रजिस्टर काढलं आणि पान उघडून सरांपुढे ठेवलं. वाचून दाखवायची गरज नव्हती. जी व्यक्ती इतर धर्मविधीने विवाह करील तिचे नाव यादीतून कमी करावे व तिला दफनभूमीत जागा देऊ नये. खाली सेक्रेटरी म्हणून शमुवेल वैरागर यांची लफ्फेदार सही. हात दाखवून अवलक्षण ते हे असं.

"त्या वर्षी लागोपाठ तीन मुली अशी लग्नं करून गेल्या होत्या," सर पुटपुटले. "बाकीच्या पोरींना जरब बसावी म्हणून..."

"बसली की," दिनेश म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "सर, मला वाईट वाटतंय. हन्ना माझ्या वर्गातली. पण ठराव बदलायचा, नवी जागा काढायची, तर सर्वसाधारण सभा लागते आणि ती जूनमध्ये. तिच्याकडे जून आहे?"

जून नव्हता. एप्रिल होता की नाही याचीच शंका होती. सरांनी रजिस्टर मिटून बाजूला सारलं. मग म्हणाले, "राखीव जागा ज्याची त्याने घरच्या माणसाला द्यायची सोय आहे ना?"

"आहे. अर्ज द्यावा लागतो. रक्ताचं नातं लागतं. तुमचा ठराव मंडळीने जागा देण्यापुरता आहे, घरच्याने दिलेल्या जागेला यादीत नाव असायची अट नाही, तेवढी एक फट राहून गेलीय."

"अर्ज दे."

दिनेशने कागद पुढे केला नाही. "सर, ती जागा तुमची आहे. मार्थाकाकूंच्या शेजारची. ती दिली की तुम्हाला दुसरी मिळणार नाही. कुणालाच मिळत नाही. मग तुम्हाला..."

"अमरधाम. ठाऊक आहे. कागद दे."

अर्ज एका पानाचा होता. नाव, वय, जागेचा क्रमांक हे सगळं सरांनी नेहमीच्या अक्षरात भरलं. अर्जदाराशी नाते, या रकान्यापाशी पेन थांबलं. आयुष्यात या माणसाने कधी खोटं लिहिलं नव्हतं. कारखान्यात एकदा तापमानाची नोंद चुकली तेव्हा कुणाच्या लक्षात यायच्या आत स्वतः जाऊन साहेबाला सांगणारा हा माणूस. आणि खोटं बोलणाऱ्यांची जागा शेवटी कुठे असते, हे त्यांनीच दोनशे पोरांकडून तोंडपाठ करून घेतलं होतं. शास्त्रातल्या त्या यादीत खोटारडे खुन्यांच्या शेजारी बसतात. सरांचा त्यावर अजूनही विश्वास होता, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पाळक म्हणाला म्हणून त्यांच्या मनातली भट्टी काही थंड झाली नव्हती. त्यांनी रकान्यात लिहिलं, मुलगी. खाली सही केली. अक्षर बिघडू दिलं नाही.

दिनेशने तो शब्द वाचला. सरांना एकच मुलगा, रोहित, पुण्याला, हे साऱ्या मंडळीला माहीत होतं. दिनेश अंगठ्याने आपल्या पहिल्या बोटाचं टोक चोळत राहिला, जिथे कातडी अजून गुळगुळीत आणि चकचकीत होती. मग त्याने शिक्का उचलला आणि कागदावर मारला.

"सर," सर निघताना तो म्हणाला, "मला पण झोप लागत नाही कधी कधी. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 

कागद घेऊन ते तसेच रिक्षाने द्वारकेला गेले. हन्नाला उठवून बसवलं होतं. तिने शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला, नात्याच्या रकान्यातला शब्द वाचला आणि डोळे मिटले.

"ही जागा कुणाची?"

"राखीव होती."

"मागच्या भिंतीकडे कडुनिंबाखाली मार्थाकाकू आहेत. बाबांना भेटायला जायची तेव्हा मी बघितलंय. शेजारी तुमची जागा आहे." तिने डोळे उघडले. "मग तुम्ही कुठे?"

"माझं काय घेऊन बसलीस? मी भट्टीवाला माणूस. मला सवय आहे."

हन्ना रडायला लागली. अंगात पाणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते रडणं कोरडंच होतं, नुसता खांद्यांना हिसका. वैष्णवी धावत आली. आईने तिला एका हाताने जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने सरांचं मनगट धरून ठेवलं.

"मार्थाकाकूंना काय सांगू, सर? त्या विचारतील, माझा माणूस कुठे आहे म्हणून."

"सांग तिला, तिचंच खरं होतं," सर म्हणाले. "एवढं सांगितलंस की तिला कळेल."

त्या दुपारी हन्ना तासभर झोपली. तिला आठ-दहा दिवसांत अशी झोप लागली नव्हती, असं लंकाबाई म्हणाल्या. सर स्टुलावर बसून होते, तिचा हात सोडवून घ्यायला त्यांना धीर होत नव्हता.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण तिची भीती गेली, असं म्हटलं तर ते खोटं होईल. जमिनीचा कागद उशीखाली घेऊन ती झोपे आणि मध्येच ओरडून उठे. जायच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांना खिडकीबाहेर आग म्हणून बोट दाखवलं, तिथे काही नव्हतं, चौकातल्या ट्रकांचा धूर होता. सर रोज जात होते. ते तिला पुन्हा पुन्हा सांगत की तो खाली उतरलाय, आधीच उतरलाय. कधी ती ऐके, कधी दुसरीकडे मान वळवी. नवव्या दिवशी सकाळी दहाला ती गेली. शेवटी तिने काय म्हटलं, यावर घरात एकमत नाही. गोरक्ष म्हणतो, तिने पाणी मागितलं. लंकाबाई म्हणतात, ती आकडे मोजत होती, पण किती मोजले ते त्यांना कळलं नाही.

दफन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. चांदवडहून एक गाडी भरून माणसं आली. लंकाबाईंनी सुनेच्या हातात हिरवा चुडा भरला होता, कपाळभर कुंकू लावलं होतं, आणि शवपेटीत साडीचोळी ठेवली होती. मंडळीतल्या दोन बायका कुजबुजल्या. पाळकाने सगळं पाहिलं आणि पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. गोरक्षचा भाऊ डोक्याला रुमाल बांधून एका बाजूला अवघडून उभा होता, कधी हात जोडावे आणि कधी नाही हे त्याला समजत नव्हतं. मूठमूठ माती टाकून झाल्यावर माणसं पांगली. कडुनिंबाच्या सावलीत सर आणि वैष्णवी दोघंच मागे राहिले. शेजारी मार्थाबाईंचा दगड होता आणि त्याच्या अलीकडे जिथे सर दर शनिवारी गवत उपटत, तिथे आता ओल्या मातीचा ढीग.

"आजोबा," वैष्णवी म्हणाली, "आईला आत चटका बसेल का?"

या प्रश्नाचं उत्तर सरांनी तीस-पस्तीस वर्षं न चुकता दिलं होतं, मेणबत्तीसकट. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि तळहात मातीवर ठेवला. माती गार होती.

"नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी छत्तीस वर्षं भट्टीवर होतो, बाळा. आग कुठे आहे ते मला लांबूनही कळतं. इथे नाही. हात लावून बघ."

तिनेही तळहात टेकवला.  मग गोरक्षने हाक मारली आणि ती गेली.

घरी येऊन सरांनी रोहितला फोन केला. आपल्या जागेचं काय केलं ते सांगितलं आणि आपल्याला अमरधामला न्यावं, तिथे जे करायचं ते करावं, असं सांगितलं. रोहित चिडला. आईच्या शेजारची जागा परक्या बाईला दिलीत, मला विचारलं तरी असतं, म्हणाला. सरांनी ऐकून घेतलं. ती परकी नव्हती, एवढंच म्हणाले, आणि रोहितला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहासाठी गॅस पेटवला. एकट्या माणसाचा एक कप, सहा वर्षांची सवय, त्यात लक्ष द्यावं असं काही नसतं. पण त्या सकाळी ते निळ्या ज्योतीकडे बघत राहिले. कारखान्यात ते हजारो वेळा भट्टीच्या दाराशी उभे राहिले होते आणि एकदाही घाबरले नव्हते, कारण तिथे आत दुसरं काहीतरी जायचं. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. ज्योतीला लावलं नाही, नुसतं जवळ नेलं, आणि तोंडाने मोजायला लागले. चार म्हणताना त्यांचा आवाज फुटला. त्यांनी घाईघाईने बटण फिरवून गॅस बंद केला. त्या दिवशी चहा झाला नाही.